खुराड्यातली ऊब

१

सकाळी सहाला उठून खुराड्यावरची पोती काढणं हे माझं काम नव्हतं. मी बावीस वर्षं सुरतच्या एका गुजराती दैनिकात बातमीदार आहे. बिल्डर, गिरणीवाले, पुढारी आणि आमचाच संपादक यांच्याशी भांडण्यात माझा दिवस जातो, आणि भांडून थकलेला माणूस सकाळी उशिरा उठतो. पण त्या डिसेंबरात, म्हणजे शहाण्णवच्या, आक्काचा दमा उसळला. डॉक्टरने तिला पहाटेच्या गारठ्यात बाहेर पडायची मनाई केली आणि कोंबड्या माझ्या गळ्यात पडल्या.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सखुबाई. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मलकापूरच्या एका जिनात कापसाच्या धुळीत उभी राहून तिने मला बी.ए. केलं, आणि ती धूळ कायमची तिच्या छातीत राहिली. जिनवाल्याने कधी विचारपूस केली नाही. त्याच्याविरुद्ध लिहिण्याइतका मी मोठा झालो तेव्हा तो मेलेला होता, हे मला अजून सहन होत नाही. आठ वर्षांपूर्वी मेहुणे वारल्यावर मी तिला सुरतेच्या कडेला, डिंडोलीला घेऊन आलो. मी लग्न केलं नाही. घरात आम्ही दोघं, आणि मागच्या मोकळ्या जागेत तिच्या कोंबड्या.

खुराडा म्हणजे बिल्डरने सिमेंट ठेवायला बांधलेली बुटकी खोली. विटांच्या भिंती, वर पत्रा, कमरेइतकं दार. ‘जाताना पाडून देतो’ म्हणाला होता, पाडली नाही. तिथे सात कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यांतली काळी खुडूक झाली होती, म्हणजे अंडी घालायचं सोडून नुसती फुगून बसायला लागली होती. म्हणून आक्काने दहा तारखेला तिच्याखाली अकरा अंडी ठेवून तिला कोपऱ्यातल्या टोपलीत बसवलं होतं.

सुरतेत थंडी पडत नाही असं बाहेरचे लोक सांगतात. त्यांनी त्या वर्षी डिंडोलीत येऊन पाहायला हवं होतं. आमच्या सोसायटीपलीकडे उसाची उघडी शेतं. तिकडून वारा सुटला की नळाचं पाणी हाताला चावायचं. पलीकडच्या गल्लीत दोन घरांच्या कोंबड्या सकाळी ताठ होऊन पडलेल्या सापडल्या. आम्ही मात्र बंदोबस्त केला होता. जमिनीवर भाताचा तूस, त्यावर शेजारच्या राघोने लूमवरून आणलेला सुताचा गुंता, दाराला दोन पोती, हवेच्या जाळीला एक, आणि आत साठचा बल्ब. बल्बचं बटण स्वयंपाकघरात होतं. संध्याकाळी दाबायचं, सकाळी बंद करायचं.

“पोतं हळू काढ,” आक्का खिडकीतून सूचना द्यायची. “दार एकदम उघडू नोको. वारं लागते त्यायले.”

“आक्का, मी मंत्र्यांच्या मुलाखती घेतल्यात.”

“मंत्री हगत नाही खुराड्यात. तूस बदलव.”

२

चोवीस तारखेला सकाळी राघो कुंपणावरून म्हणाला, “साहेब, तुम्हना कोंबडा आरवत नही का आते? दोन दिवस मन्ही शिफ्ट चुकनी.”

राघो धुळ्याकडचा, उधन्याला एका कारखान्यात लूम चालवतो. आमच्या कोंबड्याच्या आरवण्यावर त्याचं घड्याळ चालायचं. मी म्हणालो, “थंडीने घसा बसला असेल.” तो हसला. “साहेब, त्याले स्वेटर आना.”

मी पोती काढली, दार उघडलं आणि वाकून आत हात घातला. आत छान ऊब होती. बल्बचं काम चोख आहे, असं मनाशी म्हणून मी तूस चाळायला लागलो. मान वर करताना डोकं बल्बला लागलं.

बल्ब थंड होता.

मी तो काढून उजेडात धरला. तार तुटलेली, काच आतून काळी. होल्डर आणि बल्ब यांच्यामध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि जाळ्यातलं चिलट वाळून गेलं होतं. म्हणजे बल्ब किमान आठवडाभर बंद होता. आणि आठवडाभर मी रोज संध्याकाळी इमानदारीने बटण दाबत होतो.

मी पुन्हा हात आत घातला. ऊब होती. तापलेल्या विटेची असते तशी कोरडी नाही. कोणी आत्ताच उठून गेलेल्या अंथरुणात असते तशी.

कोंबड्या दांडीवर नव्हत्या. टोपलीतली काळी सोडून सहाही आणि कोंबडा जमिनीवर, एकमेकांना चिकटून, माना आत खुपसून बसल्या होत्या. मोठ्या कोंबड्या अशा बसत नाहीत. पिल्लं बसतात.

३

मी तर्काने चालणारा माणूस आहे. जमिनीवरची खोली विनाकारण तापत असेल तर खालून काहीतरी जात असणार. पलसाण्याकडे कापड रंगवणारी प्रोसेस हाऊसेस आहेत. त्यांचं गरम रंगीत पाणी कुठे जातं हे विचारलं की सगळे आभाळाकडे बघतात. एखाद्याने चोरून पाइप आमच्या सोसायटीखालून नेला असेल तर? माझ्या अंगात बळ आलं. माझ्याच परसात बातमी निघाली होती.

ऑफिसच्या डार्करूममध्ये फोटो धुण्याचं रसायन मोजायचा थर्मामीटर असतो. तो मी दोन दिवसांसाठी आणला आणि अठ्ठावीसच्या सकाळी व्यवस्थित मोजमाप केलं. बाहेर नऊ अंश. खुराड्याची भिंत आतून दहा. आतली जमीन, तूस सारून, बारा.

जमिनीपासून वीतभर वर एकतीस. हातभर वर साडेसदतीस.

मी चार वेळा मोजलं. ऊब खालून येत नव्हती; वर जावं तशी वाढत होती. पण वरचा पत्रा आतून थंडगार होता, त्याला दवाचे थेंब लटकलेले. म्हणजे जमीन आणि पत्रा यांच्या मधेच कुठेतरी, जिथे नुसती हवा होती, तिथून ती खाली उतरत होती.

मी वहीत आकडे लिहिले आणि त्यांच्याखाली लिहिलं: ‘पाइप भिंतीतून गेला असावा.’ भिंत दहा अंश होती, हे मी तीन ओळी आधी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. कुर्र, कुर्र. खुडूक कोंबडी बसल्याबसल्या काढते तसा, पण जाड, सावकाश. काळी टोपलीत बसून करत असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग वळलो तर काळी माझ्या पायाशी बाजरी टिपत होती.

“काहून असा उभा?” मागून आक्का म्हणाली. ती शाल न घेता बाहेर आली होती.

“तू बाहेर कशी आली? डॉक्टरनं काय सांगतलं?”

“मी तं परवापासून येते. तू झोपेल असतो दुपारी तवा. दाराशी बसते, हात शेकते.” तिने छातीवर हात ठेवला. “पाह्य ना. धाप लागते का मले?”

खरंच धाप नव्हती. आठ वर्षांत पहिल्यांदाच तिच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत नव्हती. मला आनंद झाला. इथे मी थांबायला हवं होतं. मी थर्मामीटर पुसला आणि ऑफिसला गेलो.

४

तीस तारखेला पान तीनवर माझी बातमी आली: ‘डिंडोलीच्या जमिनीखालून काय वाहतंय?’ प्रश्नचिन्ह संपादकाने लावलं. तो भित्रा आहे.

एकतीस तारखेला काळीच्या अंड्यांचे एकवीस दिवस भरले. सकाळी मी दार उघडलं तर उंबऱ्यावर अकरा अंड्यांची टरफलं पडलेली. अकरापैकी अकरा फुटली होती. आक्काच्या हातालासुद्धा इतकं यश कधी आलं नव्हतं. टरफलं मात्र विखुरलेली नव्हती, एका जागी बाहेर सारून ठेवल्यासारखी होती. टोपली रिकामी. आणि पिल्लांचा आवाज नाही. अकरा पिल्लं गप्प बसत नाहीत हे कोंबड्या न पाळणाऱ्यालाही कळतं.

“मांजर लागलं,” मी म्हणालो.

“मांजर कायले? हायत की आत.” आक्का दाराजवळ मांडी घालून बसली होती. कमरेपासून वरचा भाग आत, दाराच्या अंधारात.

“कुठे आहेत?”

“खाली हायत.”

“कोणाच्या खाली?”

काळी अंगणात होती. तांबडी, चितकबरी, बाकीच्या आत, त्याच ढिगात, माना खुपसून. मी तिच्या खांद्याला हात लावला, तर तिने खांदा असा झटकला की मी मागे सरलो. तिने मला आयुष्यात कधी झिडकारलं नव्हतं.

काळी दाणे टिपून झाल्यावर तुरुतुरु आत गेली, आणि त्यानंतर ती बाहेर आलेली मी पाहिली नाही.

५

बातमीने एक गोष्ट झाली. तीन जानेवारीला प्रदूषण खात्याचा इन्स्पेक्टर स्वतः आला. बन्सीलालभाई नावाचा गोल माणूस, हातात फाइल, मागे कुदळ घेतलेले दोन मजूर. मी त्याला माझे आकडे दाखवले. त्याने खुराड्याच्या चारी बाजूंनी तीन-तीन फूट खणायला लावलं. कोरडी काळी माती निघाली. पाइप नाही, ओल नाही.

त्याने दारातून आत हात घातला, आणि तो हात त्याने फार पटकन बाहेर काढला. रुमालाने पुसला. मग मोठ्याने हसला. “साहेब, आ तो मरघीनी गरमी छे! आठ कोंबड्या, बंद खोली. तुम्ही कॉलेज शिकलेले ना?”

“आठ कोंबड्यांनी साडेसदतीस होत नाही.”

“तर मग तुमच्या बेनची गरमी असेल. आत कोण बसलंय ते?”

आक्का त्या वेळीही आत होती. मी त्याच्याशी पाऊण तास भांडलो. माती परत भरून द्या, खणल्याचा लेखी अहवाल द्या, हात घाईने का काढला ते लिहून द्या. त्याने शेवटचं सोडून सगळं मान्य केलं. जाताना फाटकापाशी थांबून तो हसणं सोडून म्हणाला, “बेनला त्यात बसू देऊ नका.” मी विचारलं, का? तो म्हणाला, “गंदकी असते.” आणि स्कूटरवर बसला.

त्या दिवसापासून मी खात्याला रोज फोन करायचो. अहवाल, अहवाल, अहवाल. आणि घरात माझी बहीण दिवसातून एकदा, दुपारी बाराच्या सुमाराला बाहेर यायची. मोरीत जायची, उभ्याउभ्याच भाकरीचे चार तुकडे तोंडात कोंबायची, घटघट पाणी प्यायची आणि पदर फुगवून घाईघाईने परत जायची. रात्रीही आतच. मी ओरडलो, विनवलं, एकदा हाताला धरून ओढलं. तेव्हा ती माझ्या मनगटाला चावली. दात लागले नाहीत, पण तिने तोंड घातलं.

“आक्का, तू आत काय करून राह्यली?”

“काई नाही. बसते.”

“किती दिवस बसशील?”

तिने बोटांवर हिशोब केला. लहानपणी मला पाढे शिकवताना करायची तसा. “सव्वीसपासून एकवीस धर,” ती म्हणाली, आणि तिला कुठली शिकवणी आठवली कोण जाणे, लाजून हसली.

तिची धाप गेली होती. गालावर रंग आला होता. आठ वर्षं मी तिच्या उशाशी पंप आणि गोळ्या ठेवल्या होत्या. हे मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. मला त्या दारातून आत जायचं नव्हतं.

६

चौदा जानेवारीला उत्तरायण. सुरतेत त्या दिवशी जमिनीवर कोणी नसतं; सगळं शहर गच्चीवर. आमची आणि राघोची गच्ची एकच, मध्ये फूटभर कठडा. लाउडस्पीकर, चिक्की, बोटांना मांजाचे चिरे. दरवर्षी आक्का तिळाचे लाडू घेऊन वर यायची आणि राघोच्या मांजाची फिरकी धरायची.

“आक्का कथी गयी?” राघोने विचारलं.

मी विषय हसण्यावारी न्यायचा म्हणून म्हणालो, “खुडूक झालीय. बसलीय खुराड्यात. राघो, तुमच्याकडे खुडूक कशी मोडतात रे?”

“सोपं शे. बादलीभर थंडं पानी तिना आंगवर वतनं, का ती उठस. दोन येळ कराना, मंग बसस नही.” तो दात काढून हसला. “पन साहेब, आक्काना आंगवर वतशात ते ती तुम्हलेच बदडी!”

मीही हसलो. वारा अजिबात नव्हता. पतंग जेमतेम चढत होते, पोरं वाऱ्याला शिव्या घालत होती. समोरच्या अँटेनाला लटकलेली पतंगाची शेपटी सरळ खाली लोंबत होती. मी कठड्याला टेकून खाली आमच्या खुराड्याकडे पाहिलं.

कोणाचा तरी कापलेला लाल पतंग तरंगत आला आणि खुराड्याच्या पत्र्यावर पालथा पडला. पडून राहिला. मग तो सावकाश वर उचलला गेला, बोटभर, आणि सावकाश खाली बसला. पुन्हा वर. पुन्हा खाली.

वारा असेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि अँटेनाकडे पाहिलं. शेपटी हलत नव्हती.

पतंग हलत नव्हता. पत्रा हलत होता.

“साहेब, कोठे चालनात?” राघो म्हणाला. मी जिना उतरत होतो.

७

मोरीत भरून ठेवलेली बादली होती. रात्रीच्या गारठ्यात राहिलेलं पाणी. उचलताना हातावर सांडलं तर हाडापर्यंत गेलं. मी काय करणार आहे ते मला नीट माहीत नव्हतं. राघोने गमतीने सांगितलेला उपाय माझ्या डोक्यात होता, आणि माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काहीच नव्हतं. आक्काला उठवायचं, बस.

दुपारचे साडेबारा. ऊन स्वच्छ. मी गुडघ्यावर बसून दार उघडलं.

उबेचा लोट तोंडावर आला. आत कोंबड्या एका ओळीत होत्या, एकीला एक लागून, डोकी आत आणि शेपट्या माझ्याकडे. त्यांच्या ओळीत, मधोमध, आक्काचे तळवे. भेगा पडलेले, माझ्या ओळखीचे. तळवे, घोटे, पोटऱ्यांचा थोडा भाग. त्यापुढे तिच्यावर पोतं पसरलेलं होतं.

मला आधी एवढंच वाटलं की बरं केलं, पांघरलं तरी. मग आठवलं की तिन्ही पोती मी सकाळी काढून दोरीवर टाकली होती, आणि ती माझ्या पाठीमागे वाळत होती.

ते जे पोत्यासारखं होतं त्याची कड जराशी वर झाली. कोंबडी पिल्लांवर बसलेली असताना कोणी जवळ आलं की ती पंख सैल करून बघते ना, तशी. त्या फटीतून मला आक्काचं डोकं दिसलं. ती झोपली होती. मी तिला इतकी निश्चिंत झोपलेली कधीच पाहिली नव्हती.

मी बादली रिकामी केली.

आत काहीतरी उठलं. किती मोठं ते मी सांगू शकत नाही. पत्र्याचे खिळे करकरले आणि विटांची भुकटी गळाली. मी डोळे मिटून घेतले. दंगलीत मी डोळे मिटले नाहीत, चौऱ्याण्णवला प्लेगच्या वॉर्डात उभा राहिलो तेव्हा मिटले नाहीत. त्या दिवशी, भर उन्हात, मिटले. माझ्या गालाला कोरडं, ऊबदार काहीतरी चाटून गेलं. जुन्या तुसाचा वास आला. वर कोणाचा तरी पतंग कापला गेला आणि सगळ्या गच्च्या एकदम ओरडल्या, “काइपो छे!”

डोळे उघडले तेव्हा अंगण रिकामं होतं आणि खुराडा बाहेरच्यासारखाच थंड.

मी आक्काला घोट्यांना धरून बाहेर काढलं. राघो धावत आला, आम्ही दोघांनी तिला उचलून घरात नेलं. परत येऊन त्याने कोंबड्या उन्हात आणून ठेवल्या. पिल्लंही निघाली, अकरा, चांगली वाढलेली. कोणी पळालं नाही. जिथे ठेवली तिथे ती बसून राहिली, आणि अर्ध्या तासात, त्या उन्हात, एकेक करून सगळी गार पडली. शेवटी काळी. राघो तोंडावर हात ठेवून उभा होता.

“साहेब,” तो म्हणाला, “आक्काले पांघरा.”

८

डॉक्टर घरी आला. थर्मामीटर तिच्या काखेत पाच मिनिटं ठेवला. पारा वर चढला नाही. दुसरा लावला, तोही नाही. नाडी आहे, मंद आहे, थंड पाण्याचा धक्का बसला, उबेत ठेवा, उद्या दवाखान्यात हलवू. मी त्याला म्हणालो, उद्या का, आत्ता का नाही? त्याने सांगितलं की या अवस्थेत हलवलं तर वाटेतच जाईल. मी त्याच्याशी भांडलो नाही, यावरून काय ते समजा.

चार गोधड्या घातल्या. गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या. त्या तिच्याजवळ ठेवल्या की पाच मिनिटांत दगडासारख्या गार व्हायच्या. राघोची शेगडी आणली, निखारे विझले. एकच गोष्ट चालत होती. मी पाठीमागे बसून तिला छातीशी धरलं की तिच्या ओठांचा निळेपणा थोडा कमी व्हायचा. उठलो की परत यायचा. म्हणून मी उठलो नाही. रात्र गेली तशी गेली.

उजाडताना तिने डोळे उघडले.

“काहून उठवलं रे मले?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. “दोनच दिस राह्यले होते.”

“कशाला दोन दिवस?”

“मले काय माहीत बाप्पा? अंड्यातल्याले माहीत राहते का, बाहेर काय हाय थे?” “चंदर, तू लय गार पडला. तुह्याच्यानं नाही होणार.”

खरं होतं. माझे हात मला जाणवत नव्हते. दात वाजत होते. मिठी मारून बसलेला मी पन्नाशीचा माणूस. जेवढी ऊब माझ्यात होती तेवढी तिने घेतली होती आणि ती पुरली नव्हती. तिचे ओठ पुन्हा निळे होऊ लागले. श्वासांमधलं अंतर मी मोजत होतो: सात, नऊ, बारा.

बावीस वर्षं मी लोकांना विचारत आलो, कुणाच्या परवानगीने? कुणाच्या हुकमाने? या वेळी कोणाला न विचारता मी उठलो. भिंत धरत स्वयंपाकघरात गेलो आणि मागचं दार सताड उघडलं. गारठा आत आला. अंगणात काही दिसलं नाही, आणि मी नीट पाहिलंही नाही. “ये,” मी म्हणालो. एवढंच म्हणालो. परत येऊन मी आक्काला छातीशी घेतलं आणि मान खाली घातली.

फार वाट पाहावी लागली नाही. फरशीवर पावलं वाजली नाहीत. फक्त दारातून येणारा उजेड थोडा कमी झाला, आणि मग माझ्या मानेवर, खांद्यांवर, आक्काच्या केसांवर ऊब उतरली.

आता आठ वाजलेत. वही माझ्या मांडीवर आहे, बोटं पुन्हा चालू लागली आहेत. गच्च्यांवर वाशी उत्तरायणाची, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या सणाची, गर्दी जमते आहे. राघो पुढच्या दारावर हाका मारून गेला, मी ओ दिली नाही. आक्काचे ओठ लाल झालेत. ती झोपली आहे, निश्चिंत. मी वर पाहिलेलं नाही, आणि पाहणार नाही.

श्वास बरोबर चाललाय ना, म्हणून आत्ता मी तिच्या पाठीला कान लावला. श्वास ऐकू आला नाही. आतून, बरगड्यांच्या खालून, कोणीतरी टोचत होतं. टक. टक टक. मग थांबलं, मी ऐकतोय का ते पाहायला थांबावं तसं. आणि पुन्हा सुरू झालं, आता जवळ सरकून, जिथे मी कान लावलेला होता नेमकं तिथेच.